साधूचं मत आणि देवळातली ज्वारी

पुणे, ता. ५ फेब्रुवारी १९३४

ती. आत्यास गंगाधरचा सलाम.

तुझं पत्र आणि शेंगाची चटणी दोन्ही पोचली. चटणी खोलीतल्या सगळ्यांनी मिळून संपवली, पत्र मी एकट्यानं वाचलं. उलटं झालं असतं तर तुला आवडलं नसतं.

आमच्या धर्मविद्यालयात परीक्षेची धांदल चालू आहे. प्राचार्यसाहेबांनी शेवटच्या वर्षाला एक निबंध लावून दिला आहे: मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडितांचं आजच्या प्रश्नांशी काही देणंघेणं आहे काय? 'नाही' असं उत्तर त्यांना हवं आहे, हे वर्गातल्या बाकांनासुद्धा ठाऊक आहे. साहेब पक्के प्रॉटेस्टंट. त्यांच्या हिशेबानं प्रेषितांच्या मागे जग जे झोपलं ते चारशे वर्षांपूर्वी जर्मनीत जागं झालं, मधे सगळा काळोख. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी 'आहे' असं लिहायला घेतलं आहे.

त्याचं कारण एक साधू. ग्रंथालयात मागच्या कपाटात त्याच्या लिखाणाचे इंग्रजी खंड धूळ खात पडले होते. नाव लिहीत नाही. माझी पत्रं तू बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत वाचून दाखवतेस, आणि रोमन पंथाच्या साधूचं नाव उच्चारलं गेलं तर आपल्या देवळाचे धोंडीराम पंच त्याच संध्याकाळी बैठक बोलावतील. हा इटलीचा, सातशे वर्षांपूर्वीचा. अंगानं आडदांड, बोलायला कमी. पण लिहायला बसला की आधी विरोधकाची बाजू मांडतो, आणि ती विरोधकाला स्वतःला जमली नसती इतकी चांगली मांडतो. मग एकेक आक्षेप शांतपणे उलगडत जातो. भांडायची ही रीत आपल्या पंचांना कुणीतरी शिकवायला हवी.

राजा, कायदा, बाजारभाव, युद्ध, कशाकशावर म्हणून त्यानं विचार केला नाही? तो म्हणतो, जो कायदा न्यायाचा नाही तो कायदाच नव्हे, ती नुसती जबरदस्ती. चार वर्षांपूर्वी सोलापुरात लष्करी कायदा होता तेव्हा चौकात उभं राहून हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर त्याची रवानगी कुठे झाली असती, हे तूच सांग. आणि हे म्हणे जुनं झालं.

असो. पाळकसाहेब नारायणराव ईस्टरला शेवटची उपासना घेऊन निवृत्त होणार, असं ऐकलं. पंचांनी शिफारस पाठवली तर माझी दीक्षा होऊन मी आपल्याच देवळात पाळक म्हणून येईन. आईबाप साथीत गेल्यावर ज्या गल्लीत तू मला वाढवलंस, तिथेच. शिफारशीवर सही धोंडीराम पंचांची लागते. तेव्हा त्यांच्याशी थोडं गोड बोल. तुला ते जमायचं नाही, पण प्रयत्न कर.

तुझा
गंगाधर


भवानी पेठ, सोलापूर
ता. १३ फेब्रुवारी १९३४

चि. गंगाधर यास आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र सभेत वाचलं. शिवबाईनं विचारलं, "ह्यो साधू पुन्यात ऱ्हातो व्हय?" मी म्हटलं, नाही, तो केव्हाच वारला. तर म्हणाली, "मग गंगाधरला कसा भेटला?" याचं उत्तर तू दे, तू धर्मपंडित होणार आहेस.

मला विचारशील तर प्राचार्यसाहेबांना हवं तेच लिहावंस आणि पास व्हावंस. मेलेल्या माणसासाठी जिवंत साहेबाशी वाकडं घेऊ नये. मी मिशनच्या शाळेत पोरींना पंचवीस-तीस वर्षं शिकवते आहे. इन्स्पेक्टरला हवं ते उत्तर पोरींनी द्यावं म्हणून मीच त्यांना घोकायला लावते, आणि नंतर खरं काय ते वेगळं सांगते. दोन्ही करता आलं पाहिजे.

रविवारी कापणीचा सण झाला. गावोगावच्या मंडळीनं मालदांडी ज्वारी बैलगाडीनं आणली, गिरणीतल्यांनी कोंबड्या, अंडी, भाजी आणली. उपासना झाल्यावर नेहमीप्रमाणे लिलाव. धोंडीराम पंचांनी एक भोपळा बोली लावून घेतला, परत देवाला अर्पण केला, पुन्हा घेतला, पुन्हा अर्पण केला. दर खेपेला त्यांचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं. भोपळ्याला बोलता आलं असतं तर त्यानं सुटका मागितली असती. मी गोड बोलले. म्हटलं, पंच, भोपळा फार भाग्यवान. त्यांना ते गोड वाटलं नाही असं दिसतं.

ज्वारीची पोती मात्र लिलावात काढली नाहीत. भाव चढेपर्यंत देवळामागच्या खोलीत ठेवायची आणि उन्हाळ्यात विकून त्या पैशांत घंटा घ्यायची, असं पंचांनी ठरवलं आहे. सणाची व्यवस्था दर वर्षी माझ्याकडे असते, म्हणून खोलीची किल्ली माझ्या कमरेला.

गिरण्यांत मजुरी कापली आहे. संप होणार असं गल्लीत जो तो बोलतो. धोंडीराम पंच गिरणीत टाइमकीपर, तेव्हा ते म्हणतात काही होत नाही. आपली शिवबाई आणि शेजारची सुंदरम्मा दोघींचे नवरे म्हणतात होणारच. तुझ्या साधूला राजा आणि कायदा माहीत होता, पण भूक माहीत होती का? साधूलोक उपास करतात ते आपखुशीनं. पोरांना उपास घडतो तेव्हा काय करावं, यावर त्यानं काही लिहिलं असेल तर कळव. नसेल तर त्याला कपाटात ठेव.

आत्या


पुणे, ता. २१ फेब्रुवारी १९३४

ती. आत्यास सलाम.

लिहिलं आहे. तुझा प्रश्न वाचला आणि तडक ग्रंथालयात गेलो. हे त्याच्या शब्दांत नाही, माझ्या शब्दांत सांगतो, पण मत त्याचंच.

तो म्हणतो, जमीन आणि धान्य देवानं सगळ्या माणसांसाठी केलं. तुझं-माझं ही वाटणी माणसांनी केली, आणि ती चांगलीच आहे, कारण जो तो आपल्या वाट्याची निगा राखतो. पण ही वाटणी मूळ हेतूवर मात करू शकत नाही. एकाकडे गरजेबाहेर जे साठलं आहे ते न्यायानं गरिबाचं आहे. आणि गरज जर उघड असेल, तातडीची असेल, दुसरा उपाय नसेल, तर माणसानं दुसऱ्याच्या साठ्यातलं घ्यावं. उघड घ्यावं किंवा लपून घ्यावं. ती चोरी नव्हे. त्या क्षणी ती वस्तू त्याचीच असते.

पुढे तर कमाल आहे. कुणी विचारलं, स्वतःसाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी घेतलं तर? तो म्हणतो, शेजारी तसाच अडला असेल तर तेही चालेल.

आत्या, हे एका मठात राहणाऱ्या, राजे आणि पोप यांच्या ओळखीच्या माणसानं लिहिलं आहे. आज मुंबईच्या मजूर पुढाऱ्यानं एवढं म्हटलं तर त्याला बोल्शेविक म्हणतील. मी निबंधात लिहिलं आहे की, धर्म भित्रा झाला तो अलीकडे, त्या काळोखात तो धीट होता. आणखी एक. मनाची खात्री पटली असेल तर मंडळीनं बहिष्कृत केलं तरी माणसानं मनाविरुद्ध जाऊ नये, असंही त्याचं मत. हे सगळं मी प्राचार्यांच्या तोंडावर वाचणार आहे. होऊ दे काय व्हायचं ते.

बुधवारी हे पत्र जरूर वाच. बायकांना सांग, गंगाधर भित्रा पाळक होणार नाही.

संप सुरू झाल्याचं इथल्या वर्तमानपत्रात आलं आहे. काळजी घे.

तुझा
गंगाधर


भवानी पेठ, सोलापूर
ता. १० मार्च १९३४

चि. गंगाधर यास आशीर्वाद.

मधे लिहिलं नाही, कारण हातात पेन धरायला सवड नव्हती, हातात माप होतं. सगळं क्रमानं सांगते.

भोंगे वाजायचे थांबून बरेच दिवस झाले. पहिले दिवस बरे गेले, मग वाण्यानं हात आखडला. गल्लीतल्या बायका आंबाडीचा पाला उकडून त्यात मूठभर कण्या टाकायला लागल्या. मग कण्याही गेल्या. सुंदरम्माची धाकटी पोर माहीत आहे ना तुला, सारखी उंबऱ्यावर नाचायची ती. गेल्या आठवड्यात ती भिंतीला टेकून बसलेली दिसली. मी हाक मारली तर मान वळवली, उठली नाही. सुंदरम्मा म्हणाली, "बाई, तिला उठायला सांगू नका. उठली की पडते."

बुधवारी सभेत तुझं पत्र वाचलं. तू लिहिलं होतंस तसंच, एक शब्द न गाळता. वाचून झालं. नेहमी मी पत्र घडी करते आणि शिवबाई गाणं सुरू करते. त्या दिवशी तिनं गाणं सुरू केलं नाही.

ती म्हणाली, "म्हंजी चोरी न्हाय ती?"

"नाही असं त्यानं लिहिलंय."

"आन शेजारणीसाठी घेतलं तर?"

"तेही नाही."

"मग बाई, किल्ली तर तुमच्याच कमरंला हाय की."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. नोकरी डोळ्यांपुढे आली, तुझी शिफारस आली, धोंडीराम पंचांचं तोंड आलं. इतकी वर्षं मी या बायकांना पुण्याहून येणारा शब्द म्हणजे देवाघरचा शब्द अशा थाटात वाचून दाखवत आले. आता तो शब्द त्यांनी खरा धरला तर मी काय सांगायचं? की हा फक्त ऐकायचा असतो? मी उठले आणि खोली उघडली. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून.

आपल्या मंडळीच्या बायका आल्या, तेलगू विणकरांच्या आल्या, पलीकडच्या मोमिनांच्या आल्या. मी कुणाला कुणाची म्हणून विचारलं नाही. पदरात, टोपलीत, एकीनं तर नवऱ्याच्या धोतरात ज्वारी नेली. संध्याकाळी गल्लीत जात्यांचा आवाज सुरू झाला आणि मी ओट्यावर बसून रडले. सुखानं रडले, तू घाबरू नकोस.

धोंडीराम पंच दुसऱ्या दिवशी आले. दारातूनच म्हणाले, "बाई, हे देवाचं हाय. देवाच्या घरात चोरी केलीत तुमी."

मी म्हटलं, "देवाला भूक लागली असेल तर सांगा. भाकरी करून देते."

त्यांना खरा राग ज्वारीचा नाही. गिरणीतल्या साहेबानं त्यांना विचारलं म्हणे, तुमच्या देवळातून संपवाल्यांना रसद कशी जाते? येत्या शनिवारी पंचांची बैठक आहे. मला जाब देण्यासाठी बोलावलं आहे. मी सांगून टाकलं आहे की हे मत माझ्या पदरचं नाही, गंगाधर स्वतः येईल आणि सगळ्यांना समजावून सांगेल. तेव्हा ये. ते खंडही जमले तर आण. जाड पुस्तक पाहिलं की पंच जरा नरम पडतात.

सुंदरम्माची पोर काल उंबऱ्यापर्यंत आली.

आत्या


पुणे, ता. १४ मार्च १९३४

ती. आत्यास सलाम.

पत्र वाचून मला घाम फुटला. तुझं मन मोठं आहे यात शंका नाही. पण आत्या, मी ते परीक्षेसाठी लिहिलं होतं, ज्वारीसाठी नव्हे.

त्या साधूनं अटी घातल्या आहेत. दुसरा उपाय नसेल तर, असं तो म्हणतो. पंचांना आधी विचारणं हा उपाय होता. ते नाही म्हणाले असते, हे तू म्हणशील. कदाचित. पण विचारायला हवं होतं. शिवाय ते धान्य कुण्या धनवंताचं नव्हतं, मंडळीनं अर्पण केलेलं होतं. त्यावर तो काय म्हणाला असता, हे मला पुन्हा तपासावं लागेल. आणि संप चालू असताना एका बाजूला धान्य देणं म्हणजे मंडळीनं बाजू घेतल्यासारखं दिसतं. आपल्यात गिरणीचे कारकूनही आहेत.

शनिवारी येणं जमणार नाही. परीक्षा तोंडावर आली आहे.

माझं एवढं ऐक. बैठकीत वाद घालू नकोस. 'घाईत चूक झाली' एवढं एक वाक्य बोल. त्यांना तेवढंच पुरेल. वाक्य लहान आहे, आणि त्यावर किती काय अवलंबून आहे ते तुला माहीत आहे. मी पाळक होऊन आलो की देवळाची सगळीच ज्वारी दर वर्षी गरिबांना देऊ. आधी मला आत तर येऊ दे.

तुझा
गंगाधर


भवानी पेठ, सोलापूर
ता. १९ मार्च १९३४

गंगाधर,

शनिवारी तुझं पत्र सकाळीच मिळालं, तरी मी दुपारच्या गाडीच्या वेळेला दोनदा दाराकडे पाहिलं. म्हटलं, पत्र लिहिल्यावर मन बदललं असेल.

पंच ओळीनं बसले होते. मला उभं ठेवलं. बसा म्हणायला कुणी विसरलं नव्हतं, मुद्दाम म्हणालं नाही. पाळकसाहेब नारायणराव खाली मान घालून होते. मी तुझं मत सांगायला सुरुवात केली तर धोंडीराम पंच हसले. म्हणाले, "गंगाधरला मी पुन्याला जाऊन भेटून आलो की. तो काय म्हनला सांगू? आत्याचं वय झालंय, माझ्या पत्राचा तिनं भलता अर्थ घेतला."

तू हे म्हणालास की नाही, ते विचारत नाही. धोंडीराम पंच भोपळ्यावरून फुशारकी मारतील, पण सरळ खोटं बोलायची त्यांना सवय नाही. शिवाय ते तुला भेटून गेले हे तू मला लिहिलं नाहीस, त्यातच सगळं आलं. मला तुझा राग आला नाही. लाज वाटली. ज्या बायकांना मी तुझी पत्रं वाचून दाखवली त्या बाहेर ओसरीवर बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते बोलले होते.

भलता अर्थ घेतला म्हणे. अरे, तुझ्या पत्राला अर्थ होता एवढंच मी धरून चालले. तुझा निबंध 'आहे' म्हणतो. आहे तर मग कुठे आहे? पुण्याच्या कपाटात? सातशे वर्षं टिकलेलं मत महिनाभर टिकलं नाही, कारण मधे शिफारस आली.

तू म्हणतोस आधी विचारायला हवं होतं. तुझ्या साधूनं उपाशी माणसाला अर्ज करायला सांगितलं आहे का? सुंदरम्माच्या पोरीनं पंचांच्या बैठकीची वाट बघत भिंतीला टेकून राहायचं होतं का? आणि मंडळीनं अर्पण केलं म्हणतोस, तर ती गाडी आणणारा मडिवाळप्पा परवा गावाहून आला होता. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "मी ज्वारी दिल्ती, घंटा न्हाई दिल्ती."

मला एक वाक्य बोलायला सांगितलंस. मी बोलले नाही. पंचांनीही एकच वाक्य मागितलं: 'मी चोरी केली.' ते देवळात सगळ्यांपुढे म्हणेपर्यंत मला प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला बंदी. ठराव ईस्टरच्या रविवारी वाचून दाखवायचा आहे, आणि तो तू वाचायचा आहेस. भावी पाळकाचं पहिलं काम. तुझी परीक्षा घेण्याची ही त्यांची रीत, प्राचार्यसाहेबांपेक्षा हुशार निघाले.

मंडळीनं बहिष्कृत केलं तरी मनाविरुद्ध जाऊ नये, हे तूच लिहिलं होतंस. मी ते मानते आहे. तुला ते मानवत नसेल तर वाच तो कागद. पण पुटपुटू नकोस. खणखणीत वाच. मी पहिल्या रांगेत बसेन.

आत्या


पुणे, ता. २६ मार्च १९३४

ती. आत्यास सलाम.

ठरावाचा कागद मिळाला. धोंडीराम पंचांपुढे मी तसं बोललो, हे खरं आहे. त्या वेळी वाटलं, यानं तुझं रक्षण होईल. म्हाताऱ्या बाईची चूक म्हणून प्रकरण मिटेल. माझंही रक्षण होईल असं वाटलं, हेही खरं.

मी खूप विचार केला. मी वाचला नाही तर दुसरा कुणी वाचेल, आणि पाळक म्हणून धोंडीराम पंचांच्या मुठीतला माणूस येईल. मी वाचला तर निदान आत असेन. सहा महिन्यांत तुझ्यावरची बंदी उठवीन, असा शब्द देतो. तुला हा शब्द नको असेल. माझ्याकडे सध्या एवढाच आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. घरी न येता थेट देवळात येईन. तुझ्यासमोर आधी बसलो तर मला वाचता येणार नाही.

गंगाधर


भवानी पेठ, सोलापूर
ता. ६ एप्रिल १९३४

चि. गंगाधर यास आत्याचा आशीर्वाद.

तू कुर्डुवाडीला मुकुंदाच्या खोलीवर उतरला आहेस, हे तिथल्या रेल्वे वर्कशॉपमधल्या एका माणसाकडून कळलं. घरी यायचं सोडून मावसभावाच्या गळ्यात पडलास. आत्याच्या तोंडाला भ्यालास, असं मी समजते.

तू कागद वाचायला लागलास तेव्हा मी नजर खाली घेतली नाही, ठरवलंच होतं. माझं नाव वाचलंस. शाळा वाचलीस. 'चोरी' या शब्दाशी आलास आणि थांबलास. मला वाटलं, अक्षर लागत नाही. मग तू कागदाची घडी घातलीस आणि म्हणालास, दार बाईंनी उघडलं पण माझ्या सांगण्यावरून उघडलं, मी ते लिहिलं आणि मग मागे सरलो, बंदी घालायची तर माझं नाव आधी घाला. धोंडीराम पंच अर्धे उठले. तू व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेलास, एकदाही मागे पाहिलं नाहीस. म्हणून पुढचं सांगणं मला भाग आहे.

पाळकसाहेबांनी काही न झाल्यासारखं प्रभुभोजन सुरू केलं. भाकरीचं ताट आधी पुरुषांकडून फिरलं. त्यांनी घेतलं. मग बायकांकडे आलं. पहिली शिवबाई. तिनं ताट हातात घेतलं, बघितलं आणि भाकरी न घेता शेजारणीला दिलं. शेजारणीनं पुढे दिलं. मला वाटलं, चुकून. पण ताट रांगेनं चाललं आणि एकीनंही उचललं नाही. कुणाचं आपसांत ठरलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. मला बंदी होती म्हणून मीही पुढे दिलं. सगळ्या बायकांच्या हातांतून फिरून ताट भरलेलं परत गेलं.

धोंडीराम पंचांनी विचारलं, "ह्ये काय चालवलंय?"

शिवबाई बसूनच म्हणाली, "आमी बी त्याच खोलीत गेल्तो की. ज्वारी आमी बी न्हेली. बाईला न्हाय तर आमाला बी नगं."

पाळकसाहेब त्या ताटाकडे बघत राहिले. इतकी वर्षं या माणसाला मी पंचांच्या सुरात सूर मिसळताना पाहिलं आहे. त्यांनी ताट मेजावर ठेवलं, वर कापड टाकलं आणि स्वतःही भाकरी घेतली नाही. शेवटची उपासना त्यांची.

आता तुझं. शिफारस गेली हे तुला मी सांगायला नको. धर्मविद्यालयातही कळवलं आहे म्हणे, पुढे काय ते कळेल. तू गमावलंस ते थोडं नाही, आणि मी त्याला थोडं म्हणणार नाही. पण त्या दिवशी देवळातून माझा गंगाधर चालत गेला, आणि मला इतका अभिमान वाटला की उपासनेच्या वेळी तो वाटणं बरं नव्हे.

संप अजून चालूच आहे. ज्वारी संपली. परवा मडिवाळप्पा न विचारता आणखी एक गाडी घेऊन आला. देवळाच्या खोलीला पंचांनी नवं कुलूप लावलं आहे, म्हणून त्यानं पोती माझ्या ओसरीत उतरवली. आता माप मी दारातच धरते. सुंदरम्मा मदतीला येते. काल तिनं विचारलं, तो साधू कुठल्या देवळातला, त्याला नमस्कार करून यायचं आहे. मी म्हटलं, त्याचं देऊळ फार लांब. ती म्हणाली, मग पुण्याच्या पोरालाच करीन, तो आला की सांगा.

पंचांनी नवी नोटीस पाठवली आहे. येत्या रविवारी आपण दोघांनी देवळात उभं राहून माफी मागायची. मागितली तर माझी बंदी उठेल आणि तुझ्या शिफारशीचा पुन्हा विचार होईल. मी त्यांना लेखी कळवलं की, देवळात येऊ, पहिल्या रांगेत बसू, माफी मागणार नाही. माझ्या वतीनं कळवलं आणि तुझ्याही. तुला न विचारता. ते चुकलं असेल तर तसं लिही, मी पंचांकडे जाऊन तुझं नाव खोडून येईन आणि तुला एका शब्दानं बोलणार नाही.

आत्या


(पोस्टकार्ड)

कुर्डुवाडी, ता. ७ एप्रिल १९३४

ती. आत्यास सलाम.

नाव खोडू नकोस. रात्रीच्या गाडीनं येतो, उद्या तुझ्या शेजारी बसेन.

गंगाधर